वडिलांची एकच छापील गोष्ट

माझ्या वडिलांची आयुष्यात एकच गोष्ट छापून आली. जळगावहून निघणाऱ्या एका लहानशा साप्ताहिकाच्या दिवाळी अंकात, साडेचार पानं. गोष्टीचं नाव 'उसना स्टोव्ह'. तो अंक आज आमच्याकडे नाही. घरात दोन प्रती होत्या, त्या दोन्ही आईने पाणी तापवायच्या चुलीत घातल्या. वडील तेव्हा समोर बसून दाढी करत होते आणि त्यांनी तिला थांबवलं नाही.

वडील प्राथमिक शिक्षक होते. आमचं मूळ गाव धरणगावकडचं, पण नोकरीमुळे आम्ही नरडाण्यापासून पाच-सहा मैलांवरच्या एका खेड्यात राहायचो. गावात लिहिता येणारे पुष्कळ होते, पण नीट लिहून देणारे वडीलच. लग्नपत्रिकेचा मजकूर, बदलीचा अर्ज, मुंबईला गेलेल्या मुलाला आईचं पत्र, हे सगळं आमच्या ओट्यावर बसून लिहून व्हायचं. शाळेच्या संमेलनात दरवर्षी त्यांचीच नाटुकली असायची. लोकांना त्यांचं लिहिणं आवडायचं. आता वाटतं, ते लोकांना हवं तेच लिहायचे म्हणून आवडायचं.

मी आठवीत गेले त्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. परीक्षा संपली होती. सकाळी मी अंगणात दात घासत होते. आमच्यापासून चार घरं सोडून राहणाऱ्या एका शेतकऱ्याचा धाकटा भाऊ आला आणि ओट्याखाली उभा राहूनच म्हणाला, "गुरजी, तुमना स्टोव्ह द्या. पाव्हना उनात, चहा करना शे."

तेव्हा गावात स्टोव्ह दोन-तीन घरीच होते. आमचा पितळी, पंपाचा होता. त्याचा एक पाय तुटला होता आणि वडिलांनी तिथे लाकडाची गोल चकती तारेने बांधून बसवली होती. शाळेत साहेब तपासणीला आले, कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे आले, की तो गावभर फिरायचा. आईने त्यात रॉकेल भरलं, पिन मारून पाहिली आणि वडिलांनी तो त्याच्या हातात दिला. त्याचे हात ओले होते एवढं मला आठवतं. अंघोळ करून आला असेल असं मला वाटलं.

तासाभराने त्या घरातून रडणं ऐकू आलं. थोरल्या भावाची बायको जळून मेली होती. वीस-एकवीस वर्षांची असेल. दीड वर्षाची एक मुलगी होती तिला. ती कधी कधी आमच्याकडे विरजण मागायला यायची आणि आई शोधत असताना भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहायची. चौथीपर्यंत शिकलेली होती. एवढीच माझी तिची ओळख.

दुपारी तालुक्याहून पोलीस जमादार आले. पंच म्हणून सही करायला शहाणासुरता माणूस हवा, म्हणून वडिलांना बोलावणं आलं. ते टोपी घालून गेले आणि बऱ्याच वेळाने आले. आईने ताट वाढलं. ते पाटावर बसले, पण जेवले नाहीत.

आई म्हणाली, "आपला स्टोव्ह?"

"तिथेच आहे. जमा केला त्यांनी."

"कसाले?"

वडिलांनी ताटाला नमस्कार केला आणि उठले. पंचनाम्यात लिहिलं होतं की सकाळी चहा करताना स्टोव्हचा भडका उडाला आणि पदराने पेट घेतला. स्वयंपाकघरात भिंतीशी आडवा पडलेला आमचा स्टोव्ह जमादाराने दाखवला होता आणि खाली वडिलांनी सही केली होती. त्या घरात स्वयंपाक चुलीवर व्हायचा. त्यांच्याकडे स्टोव्ह नव्हताच, हे वडिलांना ठाऊक होतं, जमादार सोडला तर तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. कदाचित जमादारालाही असेल.

हे सगळं वडिलांनी मला नंतर, मी मोठी झाल्यावर सांगितलं. त्या वेळी मला इतकंच कळलं की आमचा स्टोव्ह परत आला नाही आणि आईने दुसरा आणू दिला नाही.

पावसाळ्यात वडील लिहायला लागले. शाळा सुटल्यावर वर्गातच बसायचे. मी एकदा त्यांना बोलवायला गेले तर त्यांनी वही झाकली नाही, उलट म्हणाले, "बस. वाचून दाखवतो." गोष्टीत त्यांनी मास्तराचा पोस्टमन केला होता. गाव तापीकाठचं केलं होतं, त्या बाईच्या मुलीचा मुलगा केला होता. स्टोव्ह मात्र तसाच ठेवला होता, तुटक्या पायाला तारेने बांधलेल्या चकतीसह. शेवटी पोस्टमन पंचनाम्याच्या जागी जातो, स्टोव्ह ओळखतो आणि सगळ्यांसमोर म्हणतो, "हा माझा स्टोव्ह आहे. आज सकाळी इथून माणूस येऊन घेऊन गेला. तेव्हा ती बाई मेलेली होती." आणि सही न करता निघून जातो.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "कशी वाटली?"

मी म्हटलं, "छान आहे. पण तुम्ही तर सही केली होती."

हे मी कुठून ऐकलं होतं कुणास ठाऊक. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "हो. म्हणून तर गोष्ट."

त्यांनी ती जळगावच्या साप्ताहिकाकडे पाठवली. महिन्याभराने संपादकांचं पोस्टकार्ड आलं: कथा स्वीकारली आहे, असंच आपल्या मातीतलं लिहीत राहा. वडिलांनी ते कार्ड खिशात ठेवलं आणि आठवडाभर त्याच शर्टाच्या खिशात ते होतं. शर्ट धुवायला टाकला तर ते काढून दुसऱ्या शर्टात गेलं.

अंक आला तेव्हा त्यांनी तो कुणालाच दाखवला नाही. पण असे अंक जाहिरातींवर निघतात. आमच्या गावातल्या मारवाडी किराणा दुकानदाराच्या भावाने जळगावहून त्यात आपल्या कापड दुकानाची अर्धं पान जाहिरात दिली होती. जाहिरातीबरोबर मिळालेली प्रत मालाच्या पोत्यांबरोबर गावात आली. दुकानदाराने जाहिरात बघितली आणि अंक गल्ल्याशेजारी ठेवून दिला. दिवाळीचे दिवस, शाळा-कॉलेजची मुलं गावी आलेली. कुणीतरी पायरीवर बसून अनुक्रमणिका वाचली आणि गुरुजींचं नाव दिसलं. त्यानंतर दोन दिवस ती गोष्ट दुकानाच्या पायरीवर मोठ्याने वाचली जात होती. पोस्टमन, तापीकाठ, मुलगा, यांनी कुणी फसलं नाही. तो स्टोव्ह अख्ख्या गावाने आपापल्या चुलीशेजारी कधी ना कधी पेटवलेला होता.

भाऊबीज झाली आणि वडिलांना मारुतीच्या पारावर बोलावलं. मी आणि आई घरातच होतो, पण पार आमच्या ओट्यावरून दिसायचा आणि बोलणंही ऐकू यायचं. कुणी आरडाओरडा केला नाही. त्या घरचे लोक एका बाजूला मान खाली घालून बसले होते. बोलले ते फक्त आबा. आबा म्हणजे गावातले सगळ्यात वयस्क, ज्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नसे. वडिलांना ते मानायचे. आमच्या घराचं छप्पर उडालं तेव्हा त्यांनीच माणसं पाठवून नवीन घालून दिलं होतं.

आबा म्हणाले, "गुरजी, गोष्ट तुमीनच लिखी ना?"

"हो आबा."

"मंग माले एक सांगा. लिखेल खरं शे, ते पंचनामावर सही कशी करी? आनि सही खरी शे, ते गोष्ट कसाले लिखी?"

मग आबांनीच पुढे सांगितलं,

"ज्या दिवशी बोलानं तव्हय तुमीन बोलनात नही. आते बठ्ठा गावनी अब्रू जळगावले छापी दिन्ही. खरं शे म्हनशात, ते पहिले तुमलेच पोलीस इचारी, सही का करी म्हनीसन. स्टोव्हबी तुमना."

हे खरंच होतं. आबांनी धमकी म्हणून सांगितलं नव्हतं, समजावून सांगितलं होतं. त्यांनी वडिलांना आठ दिवस दिले. गोष्ट खोटी आहे असं त्याच पेपरात छापून आणायचं, म्हणजे विषय संपला.

वडिलांनी संपादकांना पत्र टाकलं. उत्तर पाचव्या दिवशी आलं. संपादकांनी लिहिलं होतं की कथा ही कथा असते, तिचा खुलासा करायची गरज नसते. तुम्ही ठाम राहिलात तर मीही मागे हटणार नाही, हवं तर त्यावर अग्रलेख लिहितो. वडिलांनी ते पत्र तीनदा वाचलं. त्यांचा चेहरा बराच उजळला. मला वाटलं, आता हे ठाम राहतील. मला त्यांचा अभिमान वाटायला लागला होता आणि भीतीही.

सातव्या दिवशी मेलेल्या बाईची आई आली. दुपारच्या एसटीने तिच्या गावाहून आली आणि सासरच्या घरी न जाता सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसली. आईने पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. वडील शाळेतून आले तेव्हा ती उठून उभी राहिली.

वडील म्हणाले, "बसा अक्का." आणि तिने काही बोलायच्या आतच म्हणाले, "मी खोटं लिहिलेलं नाही. तुमच्या मुलीसाठीच लिहिलं."

"माले माहीत शे," ती म्हणाली. "तुमीन लिखं ते खरं शे. मनी पोरनं, मनी आंडेरनं आंग मी पाह्यं. स्टोव्हवर इतलं जळस नही मानूस."

वडील खाली बसले.

"पन गुरजी, नात तठेच शे. दोन वरीसनी. तिले कोन संभाळी? मनी धाकली आंडेर त्याच घरमा देवानी ठरनी शे. ती पोर आते नही म्हनस. छापामा येल शे म्हनस." मग हात जोडून म्हणाली, "तुमीन लिखेल खोटं शे, इतलं सांगी द्या."

वडील म्हणाले, "अक्का, त्याच घरात देता?"

"दुसरी कोन माय व्हई तिले? आनि नवरदेव तो नही करस असं. धाकला भाऊ नि सासू, त्यासनं काम शे ते." हे ती स्वतःलाच सांगत होती असं मला वाटलं. ती परतीच्या एसटीला जायच्या आत वडिलांनी तिला शब्द दिला.

खुलासा लिहायला त्यांनी मला बसवलं. म्हणाले, माझा हात चालत नाहीये, तू लिही. तीनच वाक्यं होती. गेल्या दिवाळी अंकातील माझी कथा काल्पनिक आहे. तिचा कोणत्याही गावाशी, घराशी वा घटनेशी संबंध नाही. कुणाचं मन दुखावलं असल्यास मी क्षमा मागतो. मी शाळेत निबंधात पहिली यायचे. 'काल्पनिक आहे' हे मला अपुरं वाटलं. मी विचारलं, "पूर्णपणे काल्पनिक, असं लिहू का? जास्त चांगलं वाटेल." ते म्हणाले, "लिही."

साप्ताहिकाने तो खुलासा चौकटीत छापला. संपादकांचं पुन्हा पत्र आलं नाही. पुढच्या वर्षी वडिलांची बदली झाली, त्यांनीच मागून घेतली होती. आम्ही गाव सोडताना आबा स्वतः बैलगाडीपर्यंत आले, वडिलांना नारळ दिला, आईला साडी-चोळी केली. सगळं रीतीप्रमाणे झालं. त्या घरातूनही दाण्यांची एक पिशवी आली होती. आईने ती ठेवून घेतली.

त्यानंतर वडिलांनी काही लिहिलं नाही. नव्या गावात लोक अर्ज लिहून घ्यायला यायला लागले तेव्हा ते म्हणायचे, माझं अक्षर बिघडलंय. संमेलनाची नाटुकली दुसऱ्या गुरुजींनी बसवली. वाचणं चालू होतं. निवृत्तीनंतर आम्ही धुळ्याला देवपुरात दोन खोल्यांत राहायला आलो, कारण मला तिथेच एका शाळेत नोकरी लागली होती. पुढे त्या शाळेला अकरावी-बारावीचे वर्ग जोडले आणि मी मराठी शिकवायला लागले.

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस होते. ऑफिसबाहेर पालकांची रांग होती. एक बाई एका मुलीला घेऊन आली होती. फॉर्मवर गावाचं नाव मी वाचलं आणि वर बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"तुमीन गुरजीनी आंडेर ना?"

मी हो म्हटलं. ती कोण ते मला सांगावं लागलं नाही. मुलगी कॅलेंडर वाचत उभी राहणाऱ्या बाईसारखीच दिसत होती, उंच, भुवया जुळलेल्या. बरोबर आलेली तिची मावशी, म्हणजे आता आई. मुलीला रांगेत उभं करून आम्ही दोघी मागच्या व्हरांड्यात बसलो. सुरुवातीला तिने मुलीच्या टक्क्यांबद्दल सांगितलं, वसतिगृहाचं विचारलं. मग म्हणाली, एक गोष्ट विचारायची होती, बऱ्याच वर्षांपासून. ती अहिराणीत बोलत होती. मी तिचं बोलणं माझ्या भाषेत सांगते.

ती दहावीपर्यंत शिकली होती. बहिणीनंतर त्याच घरात तिला द्यायचं ठरलं तेव्हा ती नाही म्हणाली, पण तिच्या नाहीला कुणी विचारत नव्हतं. बहिणीला त्यांनीच मारलं याला पुरावा काय, असं काका म्हणायचे. मग दिवाळीत गोष्ट आली. तिच्या गावातही अंक पोचला. तिने ती गोष्ट एका वहीत पूर्ण उतरवून काढली. काकांना म्हणाली, हे बघा, छापून आलंय, गुरुजींसारख्या माणसाने लिहिलंय. काका गप्प बसले. आठवडा-दहा दिवस घरात लग्नाचं कुणी बोललं नाही. एक मामा तर म्हणाला, पोरीचं ऐका, दुसरं स्थळ बघू, लहानगीला इकडे आणू.

"मंग तुमना खुलासा उना," ती म्हणाली.

काकांनी तो पेपर तिच्यापुढे टाकला आणि म्हणाले, शिकलेली आहेस ना, मोठ्याने वाच. तिला सगळ्यांसमोर वाचायला लावला. तिला तो अजून पाठ होता. व्हरांड्यात बसून तिने मला तो म्हणून दाखवला, तिन्ही वाक्यं, एकही शब्द न चुकता. 'पूर्णपणे काल्पनिक' म्हणताना तिचा आवाज जसा होता तसाच राहिला.

मग तिने विचारलं, "गुरजीस्नी असं कसाले लिखं?"

मी म्हटलं, "तुमची आई आली होती. तिने हात जोडले."

तिला हे माहीत नव्हतं. तिने व्हरांड्याच्या कठड्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "माय उन्ही व्हती?" मी हो म्हटलं. आई जाऊन चार वर्षं झाली, एवढं म्हणून ती उठली. मुलीचा नंबर आला होता. त्या खुलाशातला 'पूर्णपणे' हा एक शब्द माझा होता हे सांगायला मी तोंड उघडलं, पण तिने वळून बघितलं नाही आणि मी बोलले नाही.

घरी आल्यावर मी वडिलांना सांगितलं. सांगावं की नाही याचा विचार करत पांझरेच्या पुलावरून दोनदा गेले-आले होते. ते खुर्चीत बसून पेपर वाचत होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "म्हणजे ती तिथेच नांदते आहे?"

"हो. तिलाही दोन मुलं आहेत."

"त्रास देतात का?"

"मी विचारलं नाही."

"विचारायला हवं होतं," ते म्हणाले. पेपराची घडी घातली. "मला वाटायचं, मी गोष्ट लिहून चूक केली आणि मागे घेऊन ती सुधारली. इतकी वर्षं तसंच धरून होतो."

मी म्हटलं, "तुम्ही पुन्हा लिहा. आता कोण विचारणार आहे?"

त्यांनी खरंच प्रयत्न केला. मी शाळेतून कोरी वही आणून दिली. चार-पाच सकाळी ते खिडकीशी बसले. एके दिवशी मला म्हणाले, "मला आता खरं काय झालं ते आठवत नाही. मी लिहिलेलंच आठवतं. पोस्टमन आठवतो." मग त्यांनी स्वयंपाकघरातल्या आईला हाक मारून विचारलं, "स्टोव्ह न्यायला तो आला तेव्हा उजाडलं होतं का गं?"

आई गॅसवर भाकरी भाजत होती. तिने मान न वळवता उत्तर दिलं, "कोनता स्टोव्ह? आपला घरमा कव्हय स्टोव्ह व्हता?"

वडील माझ्याकडे बघत राहिले. ती विसरली नव्हती.

ती मुलगी दोन वर्षं माझ्या वर्गात होती. हुशार होती, निबंध चांगले लिहायची. दुसऱ्या वर्षी आमच्या वार्षिक अंकासाठी तिने एक लेख दिला, आपल्या आईविषयी, जिला तिने पाहिलेलं आठवत नव्हतं. त्यात तिने लिहिलं होतं की माझी आई स्टोव्हच्या भडक्यात गेली, अपघात होता. अंकाचं संपादन माझ्याकडे होतं. मी लेख तीन दिवस ठेवला. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि तसाच छापायला दिला. पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं.

वडील त्यानंतर दोन वर्षांनी गेले. ती बाई मला पुन्हा भेटली नाही. त्या मुलीला आता स्वतःच्या मुली असतील, त्यांची स्थळं बघायची वेळ येईल. म्हणून मी हे लिहितानाही गावाचं नाव घातलेलं नाही, आणि काही गोष्टी जाणून बदलल्या आहेत.